दारातला निळा चौकोन

लातूर,
११ जुलै २०२५

प्रिय तारा,

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे ठणठणीत आहेत. फोनच करणार होते. पण फोनवर मी तापले की तू "अगं, बीपी वाढेल" म्हणून विषय बदलतेस, आणि या वेळी मला विषय बदलू द्यायचा नाही. कागदावर तू मला मध्येच तोडू शकत नाहीस.

आमची गल्ली तू पाहिली आहेस. एका तोंडाची, शेवटी भिंत. आता दोन्ही अंगांना कोचिंगच्या पोरांच्या मोटारसायकली असतात. घरोघरी भाड्याच्या खोल्या, खोलीत दोन-तीन विद्यार्थी, आणि प्रत्येकाला डॉक्टर व्हायचंय. होऊ देत बिचारे. पण कुबड्या घेऊन चालणाऱ्या बाईच्या दारात गाडी आडवी लावू नये, एवढं या भावी डॉक्टरांना कोणी शिकवलं नाही. पोरांना बोलले तर घरमालक भांडायला येतात. म्हणे रस्ता सगळ्यांचा आहे. सगळ्यांचा आहे, फक्त माझा नाही.

माझ्या स्कूटीला मागे जादा चाकं आहेत, त्यामुळे ती रिक्षाएवढी जागा खाते. दारात जागा नाही म्हणून मी ती मोठ्या रस्त्यावर रसवंतीजवळ ठेवते आणि तिथून पायाला कॅलिपरच्या लोखंडी पट्ट्या, काखेत कुबड्या अशी घरापर्यंत येते. पंधरा दिवसांपूर्वी गटाराच्या चेंबरच्या झाकणावर कुबडी सटकली आणि गुडघ्यावर पडले. उचलायला माणसं धावली, पण एकानं आधी फोटो काढला.

तेव्हापासून मुज्तबा म्हणतो, "आपा, कायको इत्ता झंझट? मैं छोड देतौं ना रोज." सोडतोही बिचारा. पण त्याचं सीट-कव्हरचं दुकान उघडतं दहाला आणि मी सांभाळते ती अभ्यासिका सकाळी सहाला. पोरं पुस्तकं छातीशी धरून दारात उभी असतात आणि चावी माझ्याकडे. थोड्याच दिवसांत भावाचा चेहरा उतरला आणि मग इकरानं चहा देता देता विषय काढला, "आपा, लई वर्षं काम केलं. आता आरामच करा ना." भावजय वाईट नाही गं. पण आराम म्हणजे काय ते मला कळतं. आराम म्हणजे खिडकी.

ही स्कूटी आल्यापासून मी कोणाला न विचारता घराबाहेर पडायला लागले. ती दारात उभी राहिली नाही, तर मी पुन्हा विचारणारी बाई होईन. मला ते नकोय.

म्हणून महापालिकेच्या कचेरीत गेले होते. दारात अपंगांच्या गाडीसाठी जागा आखून द्या म्हटलं. तिथला साहेब म्हणाला, "बाई, तसलं मॉलमधी असतंय, दवाखान्यात असतंय. गल्लीत कुठं असतंय?" मी विचारलं, मग अपंगांनी काय मॉलमध्ये राहायला जायचं? त्यावर तो फाइल शोधायला आत गेला तो आलाच नाही.

तू इतकी वर्षं नांदेडच्या सरकारी कचेरीत अर्ज घेतेस. मला फक्त नियम सांग. बाकीचं मी बघते.

तुझी,
अफसाना


नांदेड,
१९ जुलै २०२५

प्रिय अफसाना,

तू पडलीस हे मला पत्रातून कळावं! तुझी मोठी चूक ही. नियमाचं नंतर सांगते, आधी गुडघ्याचा एक्स-रे काढ.

आता नियम. बाजार, दवाखाने, स्टेशन, कचेऱ्या अशा सार्वजनिक ठिकाणी अपंगांच्या वाहनांना जागा राखायची, हे ठरलेलं आहे. राहत्या गल्लीबद्दल मात्र कोणी नीट लिहून ठेवलेलं दिसलं नाही. ते कचेरीनं मनावर घेतलं तर होतं. म्हणजे साहेब खोटं बोलला नाही, पण खरंही बोलला नाही. आमच्यात याला काम करणं म्हणतात.

अर्जात "माझ्या दारात मला जागा द्या" लिहिलंस तर तो त्याच दिवशी फेटाळतील, कारण रस्ता कोणाच्या नावावर करता येत नाही. "या गल्लीत अपंगांच्या वाहनासाठी एक जागा आखावी" असं लिही. मात्र समजून घे, ती जागा तुझी नसेल. उद्या दुसरा कोणी अपंग तिथं गाडी लावून बसला तर तुला भांडता यायचं नाही. प्रमाणपत्राची प्रत जोड, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस, आणि साहेबाला टोमणे मारू नकोस. शेवटचं तुला जमणार नाही, ठाऊक आहे.

आमचे शेषेराव तुला सलाम सांगतात. अर्ज दिलास की कळव. बाकीचं माझ्यावर सोड.

तुझी,
तारामती


लातूर,
२ सप्टेंबर २०२५

प्रिय तारा,

तू सांगितलंस तसाच अर्ज दिला. जागा माझी नसेल, हे समजून घे म्हणाली होतीस. चालेल काय, पळेल! माझ्यासारखं दुसरं कोणी या गल्लीत आलं तर मी त्याला चहा पाजीन.

आणि ऐक, महिन्याभरात जागा झाली! एका सकाळी रंगारी आले आणि माझ्या दारासमोर निळा चौकोन आखून, आत पांढऱ्या रंगात चाकांच्या खुर्चीचं चित्र काढून गेले. मी खिडकीत उभी राहून रडले. मुज्तबाला म्हटलं, बघ, साधा अर्ज, ना ओळख ना पाळख, आणि काम झालं. सबंध दिवस मी गल्लीत ताठ मानेनं फिरले. कुबड्यांवर जितकं ताठ राहता येतं तितकं.

हे सुख दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी दारात मांडव उभा राहिला.

आमच्या भागात हरिओमभाऊ म्हणून एक आहेत. निवडणूक लागायचीय, पण ते आत्ताच निवडून आल्यासारखे हात जोडून फिरतात. ते आले, नारळ फोडला, फीत कापली. मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून गळ्यात हार घातला आणि भाषणात "आमच्या दिव्यांग भगिनी" इतक्या वेळा म्हणाले की शेजारची कमलम्मा मला विचारते, "ह्यो तुला नावानं का हाक मारंना?" माझं नाव त्याला माहीतच नव्हतं. मी हसून फोटो काढू दिला. वाटलं, जाऊ दे, एका दिवसाचा तमाशा आहे.

माणसं गेली आणि मी गाडी लावायला गेले, तर चौकोनाच्या ऐन मध्यावर लोखंडी खांब रोवलेला. त्यावर बोर्ड. निम्म्या बोर्डावर हरिओमभाऊंचा हसरा चेहरा, खाली "यांच्या सौजन्याने", आणि अगदी तळाशी, मुंगीच्या अक्षरात, "दिव्यांग वाहनतळ". तारा, वाहनतळाचा बोर्ड आहे म्हणून वाहन लावता येत नाही! माझी मागची चाकं खांबाला अडतात. तिरकी घुसवावी तर पुढे साखळी. दुसऱ्या कोणी गाडी लावू नये म्हणून साखळी घातलीय, तिला कुलूप, आणि कुलपाची चावी भाऊंच्या संपर्क कार्यालयात. फोन केला की सत्यम नावाचा कार्यकर्ता म्हणतो, "मॅडम, भाऊ मीटिंगमधी हायत. चावी हाफिसात हाय. दहाच्या नंतर करा फोन." सहाला अभ्यासिका उघडायची आणि दहाला चावी! बरं, घरमालकही खूश आहेत, कारण साखळीच्या बाहेर मोटारसायकली लावायला आता नीट रांग मिळालीय.

खांब आणि साखळी काढा म्हणून कचेरीला कोणत्या शब्दांत लिहू ते कळव.

अफसाना


नांदेड,
११ सप्टेंबर २०२५

प्रिय अफसाना,

जागा झाली हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेषेरावांना वाचून दाखवलं, त्यांनी पेढे आणले.

बोर्डाचं इतकं मनावर घेऊ नकोस गं. निवडणूक होईपर्यंत ही माणसं असंच करणार. चौकोन आखला गेला हे महत्त्वाचं. अशी पोरं मनानं वाईट नसतात, नुसती हौस असते. कचेरीला आत्ताच काही लिहू नकोस, झालेलं काम उगाच बिघडेल. गोड बोलून एक चावी मागून घे आणि खांब जरा बाजूला सरकवायला सांग. थोडं सांभाळून घेतलंस तर तुझंच भलं आहे.

एक्स-रे काढलास का? त्याबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस.

तुझी,
तारामती


लातूर,
९ ऑक्टोबर २०२५

तारामती,

गोड बोलले. महिनाभर गोड बोलले. कार्यालयात जाऊन बसले, चहा प्याले, भाऊंची वाट पाहिली. काल सत्यम कंटाळला आणि म्हणाला, "मॅडम, तुमी उगं गरम व्हताव. भाऊच्या नांदेडच्या मावशीचा फोन आला म्हनून झालं हे समदं. न्हाईतर गल्लीत कुठं व्हतंय आसलं?" मी विचारलं, कोण मावशी? तर म्हणे, "तारामती मावशी. तुमच्या मैतरीण हायत न्हवं?"

मी चहा तसाच ठेवून तिथून उठले.

म्हणजे माझा अर्ज कोणी वाचलाच नाही. माझ्या हक्काची जागा म्हणून मी गल्लीत ताठ मानेनं मिरवले, आणि ती कोणाच्या तरी मावशीनं मागून आणलेली होती! मुज्तबाला सांगितलं, ओळखीशिवाय झालं. आता तो नुसता हसतो, आणि ते हसू मला थपडेपेक्षा जास्त लागतं. सकाळी त्याच्याच मोटारसायकलवर मागे बसून जाते. काल पोहोचायला उशीर झाला तर पोरं दाराबाहेर पायऱ्यांवर बसून वाचत होती. व्यवस्थापक म्हणाले, "मॅडम, जमत नसेल तर चावी दुसऱ्याकडे देऊ." माझी चावी, तारा.

मी तुला नियम विचारला होता. वशिला मागितला नव्हता.

किनवटचं आठवतं? वसतिगृहात न्हाणीपर्यंत पाण्याची बादली न्यायची असायची. बाकीच्या मुली माझ्या हातातून बादली हिसकून घ्यायच्या आणि मग दिवसभर मला सांगायच्या, की आम्ही तुझी बादली उचलली. तू एकटी अशी होतीस की आधी विचारायचीस, "उचलू का?" मी नाही म्हटलं की बादलीला हात न लावता माझ्या बाजूनं हळूहळू चालायचीस, मी सांडत सांडत नेली तरी. म्हणून तू माझी मैत्रीण झालीस. बाकी तुझ्यात होतं काय? घोरायचीस रात्रभर.

या वेळी तू विचारलं नाहीस. आणि वर मला सांगतेस, सांभाळून घे. पोरं वाईट नसतात म्हणे! भाचा आहे हे सांगायला तुला जीभ नव्हती?

पत्र पाठवू नकोस.

अफसाना


नांदेड,
१४ ऑक्टोबर २०२५

अफसाना,

तू नको म्हणालीस तरी पाठवते आहे. वाचायचं नसेल तर फाडून टाक.

होय, केला फोन. हरिओम माझ्या मावसबहिणीचा मुलगा. तू पडलीस हे वाचल्यावर मला झोप लागली नाही. तू म्हणतेस, नियम सांग. अगं, नियम मी रोज बघते! खिडकीच्या या बाजूला बसून बघते. एखादी बाई बरोबर लिहिलेला अर्ज देऊन जाते, आवक क्रमांक घेऊन जाते, आणि तो कागद जिथं ठेवला तिथंच राहतो. ज्याच्या मागे कोणाचा फोन येतो तो अर्ज वर सरकतो. हे मी केलेलं नाही, पण मला दिसतं. तू अशी सहा महिने रस्त्यावरून पडत-धडपडत येणार आणि मी इथं बसून आवक क्रमांकाची वाट बघायची?

तुला आधी विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून नाही विचारलं. एवढी साधी गोष्ट आहे. चिडायचं तर चीड. त्यानं खांब रोवला, साखळी घातली, त्याला मी काय करू? मी त्याला फक्त जागा कर म्हटलं होतं.

आणि घोरत मी नव्हते, तू घोरायचीस.

तारामती


लातूर,
४ नोव्हेंबर २०२५

तारामती,

तुझं पत्र फाडलं नाही. उत्तरही देणार नव्हते. पण जे घडलं ते तुझ्या भाच्याकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक.

भाऊबीजेला हरिओमभाऊ आमच्या गल्लीत ओवाळून घ्यायला आले. गल्लीतल्या सगळ्या भगिनींकडून एकदम. त्यासाठी मांडव घातला, तो कुठे? माझ्या निळ्या चौकोनात, खांबाला कनात बांधून. मी त्या दिवशी हट्टानं स्कूटीवर गेले होते. परत आले तर मांडवातून माइकवर पुकारा चाललेला, "आमच्या दिव्यांग मुस्लिम भगिनीदेखील भाऊंना ओवाळणार आहेत." मला कोणी विचारलं नव्हतं. विचारायची पद्धतच गेलीय बहुतेक.

भाऊंची पांढरी गाडी पार आत, गल्लीच्या भिंतीशी उभी होती. मी काय केलं, तर स्कूटी माझ्या दारासमोर गल्लीत आडवी लावली, चावी काढली आणि घरात जाऊन खिडकीत बसले. जी खिडकी मला आरामासाठी देऊ केली होती, तीच.

ओवाळणं संपलं. गाडी निघेना. सत्यम खिडकीशी आला. "मॅडम, गाडी काढा की. भाऊंना फुडं चार ठिकाणी जायचंय."

मी म्हटलं, "मॅडम मीटिंगमध्ये आहेत. चावी ऑफिसात आहे. फोन करा."

"कुनाला करू?"

"नांदेडच्या मावशींना."

कमलम्मा ओट्यावर बसली होती. ती तोंडावर पदर धरून हसली आणि मग पदर सोडूनच हसली. पोरांच्या मोटारसायकलीही अडकल्या होत्या, पण एकाही पोरानं हॉर्न वाजवला नाही. माझ्या अभ्यासिकेतली पोरं ती. अंधार पडला तरी मी हलले नाही. इकरा मला जेवण खिडकीत घेऊन आली आणि शेजारीच बसून राहिली. "आपा, बिल्कुल मत उठना," म्हणाली.

मग भाऊंनी लांब जाऊन कोणाला तरी फोन केला. परत आले ते कान लाल झालेले. कोणाशी न बोलता मांडव सोडवला, पहार मागवली आणि साखळी, खांब, बोर्ड सगळं स्वतः उभं राहून काढून घेतलं. तेव्हा मी चावी दिली. मुज्तबानं गाडी चौकोनात लावली. काय सुंदर बसली गं!

एक आठवडा मी स्वतःच्या दारातून निघाले आणि स्वतःच्या दारात उतरले.

आठवड्यानं कचेरीची माणसं डांबरी रंग घेऊन आली आणि चौकोनावर काळं फासून गेली. धावत... म्हणजे माझ्या परीनं धावत कचेरीत गेले. तोच साहेब. या वेळी फाइल लगेच सापडली. म्हणाला, चौकोन आम्ही आखलेलाच नव्हता, कोणीतरी विनापरवाना रंगवला होता, तक्रार आली म्हणून पुसला. मी विचारलं, मग माझ्या अर्जाचं काय झालं? "निकाली." कसा निकाली? त्यानं फाइल फिरवली. माझ्या अर्जाला पेपरमधलं कात्रण जोडलेलं, गळ्यात हार घालून मी हसतेय. म्हणाला, "बाई, जागा मिळाली म्हणून तुमीच सत्कार घेतलाव की. आता परत कशाला मागताव?"

ऐकलंस? माझं हसूच माझ्याविरुद्ध पुरावा. तुझ्या फोननं अर्ज वर सरकला नाही तारामती, तो कायमचा झोपला. आणि त्याहून चीड कशाची, सांगू? त्या कचेरीत एवढ्या खुर्च्या आहेत, पण कोणाला असं वाटलं नाही की उठून ती गल्ली एकदा बघून यावं.

टोमणा मारला नाही. साहेबाच्या टेबलापुढे खुर्ची ओढून बसले आणि तिथंच नवा अर्ज लिहिला. आवक क्रमांक घेतला. स्थळपाहणीची तारीख लेखी मिळेपर्यंत उठणार नाही म्हटलं. माझ्या कुबड्या त्याच्या वाटेत होत्या, त्यामुळे त्यालाही उठता येईना. शुक्रवारी, २१ तारखेला पाहणी आहे. गल्लीवाल्यांच्या हरकती तिथंच ऐकणार आहेत. घरमालक सगळे जमणार. मला तिथं उभं राहून बोलायचंय.

एकच विचारते. त्या रात्री हरिओमनं तुला फोन केला होता का? काय म्हणालीस?

अफसाना


नांदेड,
१० नोव्हेंबर २०२५

अफसाना,

केला होता. म्हणाला, मावशी, तुमच्या मैत्रिणीला समजावा, गाडी काढायला सांगा. मी म्हणाले, गाडी तिची, चावी तिची, दार तिचं. तिला विचार. आणि विचारताना आधी तिचं नाव शिकून घे. मग जे झाडायचं ते झाडलं, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. पण हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, आणि स्वतःलाही.

अर्ज निकाली काढला हे वाचून मी रागानं उठले आणि फोन हातात घेतला. लातूरच्या कचेरीत माझ्या ओळखीचं एक माणूस आहे. नंबर काढला. मग ठेवला. शेषेराव विचारत होते, काय झालं? म्हटलं, काही नाही, बादली उचलत होते.

२१ तारखेची रजा टाकली आहे. अजून मंजूर करून घेतलेली नाही. नांदेडहून सकाळच्या एसटीनं निघाले तर वेळेत पोहोचते. पाहणीत एक शब्द बोलणार नाही, कोणाची मावशी आहे हे सांगणार नाही. नुसती बाजूला उभी राहीन.

येऊ का?

तारा


लातूर,
१४ नोव्हेंबर २०२५

तारा,

ये.

बोलणार मीच. आणि झोपायला तुला मागच्या अंगाची खोली देणार आहे, घोरतेस तू, आणि गल्लीतल्या पोरांना सकाळी परीक्षा असतात.

तुझी,
अफसाना